‘देवा, चालता-बोलता ने’

आपल्या खान्देशात वयस्कर माणसांच्या तोंडी एक प्रार्थना हमखास असते : ‘देवा, चालता-बोलता ने. कोणावर भार घालू नको.’ धुळ्याच्या गल्लीत ऐका, जळगावच्या बाजारात ऐका, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ऐका. शब्द थोडेफार बदलतात, मागणे तेच असते. या प्रार्थनेत घरच्या माणसांविषयी माया आहे, म्हणून तिला आपण नावे ठेवणार नाही. पण तिच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. ज्याला उठायला-बसायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या जगण्याची किंमत कमी झाली, अशी ती समजूत आहे. ती खरी आहे का? खुब्याचे ऑपरेशन होऊन पुन्हा चालायला शिकणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोज सकाळी खाटेवरून पाय खाली सोडताना पडतो. म्हणून आज त्याच्याच सोबतीने आपण या प्रश्नाचा विचार करू या.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो आणि त्याच्या बळावर आपण उभे राहतो, वळतो, जिने चढतो. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात आणि न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त पुरते. परंतु हे दुखणे केवळ म्हाताऱ्यांचे नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, आपल्या आदिवासी बांधवांमध्ये, सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पोचले नाही की तो भाग मरतो, आणि ऐन पंचविशीतला तरुण लंगडू लागतो. कोविडच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांच्या खुब्यातही असेच घडल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. तेव्हा हा प्रश्न आजी-आजोबांचा आहे असे म्हणून कोणी तरुणाने हे पान उलटू नये.

ऑपरेशननंतर बहुधा एक-दोन दिवसांतच रुग्णाला वॉकर धरून उभे करतात. तेथून खरी परीक्षा सुरू होते. पुष्कळ रुग्णांना काही आठवडे, आणि काहींना कायमचे, बजावलेले असते : मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचे नाही. आता आपली घरे आठवून पाहा. जेवण जमिनीवर, भाकरी थापणे जमिनीवर, पाहुण्यांशी गप्पा ओट्यावर, शौचकूप उकिडवे बसण्याचे. ज्या आईने चाळीस वर्षे चुलीपुढे बसून सगळ्यांना वाढले, तिला आता खुर्चीवर बसून सुनेच्या हातचे ताट घ्यावे लागते. मोजे घालायला नातवाला हाक मारावी लागते. कमोडच्या खुर्चीपर्यंत कोणीतरी धरून न्यावे लागते. हाडाचे दुखणे गोळीने कमी होते. मनाच्या या दुखण्याला गोळी नाही.

आणि घरच्यांवर पडणारा भार खोटा नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. ज्या घरात दोघे रोजंदारीवर जातात, तेथे एकजण रुग्णापाशी बसला की एका माणसाची मजुरी बुडते. कपाशी वेचणीच्या दिवसांत तर ती मजुरी म्हणजे घराचा आधार. शिवाय व्यायाम आणि तपासणीसाठी पुन्हापुन्हा शहरात यायचे, रिक्षा-गाडीचे पैसे मोजायचे. अशा घरातील म्हातारी ‘माझा भार नको’ म्हणते, तेव्हा ती उगाच बोलत नसते. ती हिशेब करून बोलत असते. तिला केवळ ‘असे बोलू नये, आजी’ असे सांगून आपली जबाबदारी संपत नाही.

मग उत्तर काय? ते आपल्याला चालण्याच्या शिक्षणातच सापडते. काठी कोणत्या हातात धरावी, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, ज्या बाजूचा पाय दुखतो त्या हातात. फिजिओथेरपिस्ट नेमके उलटे सांगतात. काठी चांगल्या पायाच्या बाजूला धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. दुखऱ्या पायावर वजन आले की कमरेचा दुसरा भाग खाली झुकू पाहतो. त्या बाजूला काठी असली की ती भार वाटून घेते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. म्हणजे जे धड आहे त्याने जे दुबळे आहे त्याचे वजन काही काळ उचलायचे, हा शरीराचाच नियम आहे. त्यात धड अवयवाचा अपमान नाही आणि दुबळ्या अवयवाचाही नाही.

याला दुसरीही बाजू आहे. काठी कितीही चांगली असली तरी पाऊल ज्याचे त्यानेच टाकायचे असते. पुष्कळांचा नवा सांधा उत्तम बसतो, जुनी वेदना जाते, तरी लंगडणे राहते. वर्षानुवर्षे दुखरा पाय जपून चालल्यामुळे खुब्याचे स्नायू दुबळे झालेले असतात आणि एका अंगावर झुकण्याची सवय जडलेली असते. ती सवय मोडायला आरशासमोर सरळ चालण्याचा सराव करावा लागतो, कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचे कंटाळवाणे व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून आणि तितकेच, पण नेमाने करावे लागतात. हे काम मुलगा करू शकत नाही, सून करू शकत नाही. प्रेमाने उचलून उचलून नेणारे घर कधीकधी माणसाला कायमचे खाटेवर बसवते. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या आहेत : एकमेकांचे ओझे उचला, आणि प्रत्येकाने स्वतःचा भार स्वतः वाहावा. वाचताना हा विरोध वाटतो. वॉकर धरून अंगणात चालणाऱ्या माणसाकडे पाहिले की विरोध राहत नाही. तोल जाऊ नये म्हणून शेजारी उभे राहणे हे आपले काम; पाय पुढे टाकणे हे त्याचे काम. दोहोंपैकी एकही सुटले तर चालणे होत नाही.

आपणां सर्वांना आठवणारे एक उदाहरण आहे. पोप जॉन पॉल दुसरे हे डोंगर चढणारे, बर्फावर स्कीइंग करणारे गृहस्थ. १९८६ मध्ये ते मुंबई-पुण्याला आले तेव्हा त्यांची चाल दमदार होती. २८ एप्रिल १९९४ रोजी ते न्हाणीघरात पडले, मांडीचे हाड मोडले आणि दुसऱ्या दिवशी खुब्याचे ऑपरेशन झाले. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. त्यानंतर काठी त्यांच्या हातात आली. जानेवारी १९९५ मध्ये मनिला येथे तरुणांसमोर त्यांनी हीच काठी गंमतीने गरागरा फिरवली आणि जमलेला समुदाय हसला. नोव्हेंबर १९९९ मध्ये ते दिल्लीला आले तेव्हा चाल संथ झाली होती. पुढे चालणेच थांबले आणि चाकांच्या आसनावरून त्यांना न्यावे लागले. २ एप्रिल २००५ रोजी त्यांचे निधन झाले. चालता-बोलता जाणे त्यांच्या वाट्याला आले नाही. तरीही आपले दुबळेपण जगासमोर आणायला ते लाजले नाहीत. त्या शेवटच्या वर्षांत त्यांची किंमत कमी झाली, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

बायबलमध्येही खुब्याची एक गोष्ट आहे. याकोब रात्रभर झुंजला, त्याच्या जांघेचा सांधा निखळला आणि त्याच रात्री त्याला आशीर्वाद मिळाला. सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत पुढे निघाला. त्याचे लंगडणे बरे झाले असे उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. पूर्वीसारखे चालता येणे ही चांगली इच्छा आहे आणि त्यासाठी शेवटपर्यंत प्रयत्न करावा. पण पूर्वीसारखे चालता आले नाही, तर आशीर्वादही गेला असे मानण्याचे कारण नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्या मंदिराकडे येऊ. काही भाविक ऑपरेशननंतर मिस्साला येण्याचे टाळतात, कारण सगळे सतरंजीवर बसलेले असताना आपण एकट्याने खुर्चीवर बसायचे आणि सगळे गुडघे टेकतात तेव्हा आपण तसेच राहायचे, याची त्यांना लाज वाटते. प्रकृतीमुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत, त्यांना मिस्साविधीच्या अधिकृत सूचनांमध्येच सवलत दिलेली आहे. तेव्हा लाज सोडावी आणि यावे. आणि आपण बाकीच्यांनी त्यांची खुर्ची मागच्या भिंतीशी एकटी न ठेवता आपल्या कुटुंबाशेजारी ठेवावी. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने आठवड्यातून एकदा शेजाऱ्याला व्यायामासाठी नेऊन आणावे. वेचणीच्या दिवसांत एखाद्या बाईने दुपारभर त्या घरी बसावे, म्हणजे सुनेची मजुरी बुडणार नाही. बरे झालेल्यांच्या घरी माळ्यावर पडून असलेले वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या दुसऱ्याच्या उपयोगी पडाव्यात. भार एका घरावर पडला तर तो मोडतो. दहा घरांनी वाटून घेतला तर तो भार राहत नाही.

आणि ज्यांना आज दुसऱ्याचा हात लागतो आहे, त्यांनाही एक विनंती. पुढे केलेला हात नाकारू नका. आयुष्यभर आपण देत आलात. आता घेणेही शिका, आणि सांगितलेले व्यायाम मात्र चुकवू नका. ती जुनी प्रार्थना जरूर करा. तिला फक्त एवढे जोडा : देवा, चालवशील तोवर चालेन. पाय अडला तर धरायला हात दे, आणि तो हात धरण्याइतके माझे मन मोठे कर.