पुन्हा वर गेलेलं विमान

काही पावसाळ्यांपूर्वी संध्याकाळच्या विमानानं मुंबईला येत होतो. चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला, खाली छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या दिसू लागल्या आणि एकदम इंजिनं गरजली. विमान पुन्हा ढगात शिरलं. पुढची पंचवीस मिनिटं घिरट्या. पनवेलहून रोह्याची शेवटची गाडी चुकणार, हे माझ्या ध्यानात आलं आणि शेजारच्यांच्या कुरकुरीत मीही सूर मिसळला. गाडी चुकलीच. एसटीनं पेणपर्यंत आलो आणि रात्र नातेवाइकांकडे काढली. तिथंही त्या वैमानिकाच्या नावानं बोटं मोडली.

त्या बोलण्याची लाज वाटली ती कोझिकोडच्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला तेव्हा. ७ ऑगस्ट २०२० ची रात्र, दुबईहून आलेलं विमान, धो धो पाऊस. कॅप्टन दीपक साठे हवाई दलात विंग कमांडर राहिलेले, मुरलेले वैमानिक, आपल्या नागपूरच्या घरातले. पहिल्यांदा ते उतरले नाहीत, वर गेले. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा होता, विमान अस्थिर होतं आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ते साधारण ४,४०० फूट आत जाऊन टेकलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच पुढचं विमान नेण्यासाठी कॅप्टन साठेंची गरज पडणार होती, हेही अहवालात आहे. तिथं कॅप्टन अपुरे होते. पोचायची ही ओढ मला परकी वाटली नाही. माझी तर नुसती रोह्याची गाडी होती.

उतरण्याचा हिशेब साधा आहे. वेग दहा टक्के जास्त असेल तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय वेगातलं विमान लवकर टेकत नाही, तरंगत राहतं आणि ओली धावपट्टी मागे पडत जाते. म्हणून ढगाळ हवेत हजार फुटांवर, स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर वेग, उतार, चाकं, फ्लॅप सगळं जागच्या जागी हवं. नसेल तर वर जायचं. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि त्यासाठी कुणाला शिक्षा करू नये, असं आपल्या हवाई वाहतूक नियामकाचं, डीजीसीएचंही सांगणं आहे. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की, अशा अस्थिर उतरणींपैकी ९७ टक्के वेळा विमान तसंच खाली आणलं जातं. बहुतेकदा निभावतं, आणि निभावलं की तीच सवय होते.

मला सर्वांत जास्त छळतं ते कॉकपिटमधलं बोलणं. कोझिकोडला सहवैमानिकानं ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. मंगळूरला २२ मे २०१० च्या विमान अपघाताआधी सहवैमानिकानं ते तीनदा म्हटलं. तिथं १५८ माणसं गेली, आठ वाचली. म्हणजे धोका दिसला होता, बोलूनही दाखवला होता. पण मनानं आधीच पोचलेल्या वरिष्ठाला तो शब्द लागला नाही आणि धाकट्याचा हात कंट्रोलकडे गेला नाही. घरात, कचेरीत थोरल्यांना थांबवण्याची सवय आपण धाकट्यांना लावतो का? कोझिकोडच्या अहवालात सहवैमानिकानं विमान हाती घ्यायला हवं होतं, असंही म्हटलंय. पंचविशी-तिशीतल्या मुलाकडून ही केवढी मोठी अपेक्षा!

आता नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. बाहेरगावी राबणाऱ्या पेण-रोह्याच्या मुलांना घर जवळ आलंय. मला मात्र ती पावसाळी संध्याकाळ आठवते. उतरताना कॅप्टन दारात उभे होते, चेहरा दमलेला. मी घड्याळाकडे पाहत त्यांच्यासमोरून तसाच निघून गेलो.