सब्र कोणी करायचा?

आजारी माणसाच्या विचारपुशीला गेलेल्यांच्या तोंडी बहुधा पहिला शब्द येतो तो ‘सब्र करा’ हा. शब्द थोर आहे. पवित्र कुरआनने त्याची शिकवण पुनःपुन्हा दिली आहे. परंतु तो कोण कोणाला सांगतो आणि कोणत्या हेतूने सांगतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

समजा, भिवंडीतील एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या घरात आईच्या गळ्यावर गाठ दिसू लागली. गाठ दुखत नाही, गिळताना मात्र वरखाली होते. घरधन्याची पाळी बारा तासांची. तपासणीसाठी परळला जायचे तर आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचे, तिथून लोकल पकडायची आणि दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. शिवाय मुलीचे लग्न जमायचे आहे; बातमी फुटली तर स्थळ हातचे जाईल ही धास्ती. मग आई ओढणी गळ्याभोवती लपेटून घेते आणि घर तिच्या गप्प राहण्याला ‘सब्र’ असे सुंदर नाव देते. थायरॉइडचा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळतो, म्हणून हा प्रश्न विशेषतः आपल्या आयाबहिणींचा आहे.

कोणी म्हणेल, उपचाराविना आजार सोसण्यातही पुण्य नाही का? सहीह बुखारीत याच अर्थाची एक घटना नोंदली आहे. अपस्माराचे झटके येणारी एक स्त्री प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि तिने दुआची विनंती केली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले: सब्र केल्यास जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला. मात्र झटक्याच्या वेळी आपले अंग उघडे पडू नये, एवढ्यासाठी दुआ मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती केली.

ही हदीस आपण सांगतो, पण तिच्यातील तीन गोष्टी सोडून देतो. त्या स्त्रीने आजार लपवला नाही; ती स्वतः बोलली. निवड तिच्यापुढे ठेवली गेली आणि ती तिनेच केली. पतीने, सासूने किंवा भावाने तिच्या वतीने केली नाही. आणि तिच्या लज्जेची काळजी क्षुल्लक मानली गेली नाही. सब्र ही स्वतःच्या मनाची इबादत आहे. दुसऱ्याच्या वाट्याला ती ढकलली की ती इबादत उरत नाही, केवळ आपली सोय उरते. उलट, उपचार करावेत का असे काही ग्रामीण अरबांनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचीच सूचना दिली. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपल्या रबला हाक मारून आपले दुःख सांगितले, तरीही कुरआन त्यांना सब्र करणारे म्हणते. तात्पर्य, दुःख बोलून दाखवल्याने सब्र मोडत नाही.

म्हणून पहिले कर्तव्य जाणून घेण्याचे. सोनोग्राफी आणि बारीक सुईने गाठीतील पेशी काढून केलेली तपासणी, एवढ्यावर पुष्कळसे कळते. गळ्यातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. असल्या तरी सर्वाधिक आढळणारा प्रकार वेळेवर उपचार मिळाल्यास सहसा आटोक्यात येतो. मात्र जाणून घेणे म्हणजे प्रत्येकाने गळा तपासत सुटणे नव्हे. दक्षिण कोरियात तपासण्यांची लाट आल्यावर १९९३ ते २०११ या काळात या कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले, परंतु त्याने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. अगदी लहान गाठीवर शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवण्याचा सल्लाही डॉक्टर कधी देतात. हजार वर्षांपूर्वी कॉर्डोबा परिसरातील मुस्लिम शल्यविशारद अल-जहरावी यांनीही गळ्याच्या कोणत्या गाठीवर शस्त्र चालवावे आणि कोणतीला हात लावू नये, असा भेद केला होता. थांबणेही कधी योग्य असते. पण जाणून थांबणे वेगळे आणि भीतीने डोळे मिटणे वेगळे.

शस्त्रक्रिया ठरली की सब्राचे रूप बदलते. ग्रंथीला लागूनच आवाजाची नस जाते, म्हणून काही दिवस आवाज बसू शकतो. कॅल्शियम उतरल्यास ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. ते निमूटपणे सोसायचे नसते, डॉक्टरांना तत्काळ सांगायचे असते. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही शक्य नसेल तर पडून नमाज अदा करण्याची सवलत हदीसमध्ये आहे. सवलत नाकारण्यात थोरवी नाही.

काही रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडीन घ्यावे लागते. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. या आयोडीनची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. म्हणून आईला काही दिवस वेगळे राहावे लागते. विशेषतः लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्यापासून दूर. दाराबाहेर रडणाऱ्या लेकराला जवळ न घेणे हाच तेव्हा त्याच्यावरील प्रेमाचा पुरावा असतो. स्वतःला वा दुसऱ्याला अपाय होऊ न देण्याचे तत्त्व आपल्या दीनने शिकवलेच आहे.

ग्रंथी पूर्ण काढल्यावर रोज सकाळी अनशेपोटी एक गोळी, तीही आयुष्यभर. रमजानमध्ये तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेता येते. ती मनाने बंद करणे म्हणजे शरीराच्या अमानतीत कसूर करणे होय.

आता मूळ प्रश्न. सब्र कोणी करायचा? रुग्ण तो करीतच असतो; अहवालाची वाट पाहणाऱ्या रात्री त्याने एकट्याने काढलेल्या असतात. खरी परीक्षा घराची आहे. बुडालेल्या मजुरीचा सब्र पतीने करावा. चुलीपाशी उभे राहण्याचा सब्र मुलांनी आणि सुनांनी करावा. स्थळाकडच्यांपुढे खरे बोलण्याचा सब्र बापाने करावा. नातलगांनी तर्ककुतर्क न करता, विचारपुशीला जाताना लोकलचे भाडे किंवा जेवणाचा डबा सोबत न्यावा. गरजू रुग्णाच्या उपचारासाठी जकातही देता येते.

ज्याने ‘सब्र करा’ म्हटले, त्याने निघताना एवढे तरी विचारावे: परळला तुमच्यासोबत कोण येणार आहे? कोणी नसेल तर मी येतो.

अल्लाह सर्व आजारी बंधुभगिनींना शिफा देवो आणि आपल्याला त्यांच्या सब्रात सहभागी होण्याची सुबुद्धी देवो. आमीन.