शून्य आणि एक

स्नायूची ताकद मोजायला फिजिओथेरपीत 0 ते 5 अशी श्रेणी आहे. 5 म्हणजे पूर्ण ताकद. 3 म्हणजे हात किंवा पाय स्वतःचे वजन पेलून पूर्ण उचलला जातो, पण वरून दाब दिला की टिकत नाही. हे कोष्टक विद्यार्थ्यांचे एका रात्रीत पाठ होते. बोटे तयार व्हायला मात्र वर्षे जातात.

ही पद्धत पोलिओतून घडली. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी 1912 च्या सुमारास आजारी मुलांचा एकेक स्नायू वेगळा तपासायला सुरुवात केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1953 साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, त्यामागेही पोलिओच होता.

मला या श्रेणीची खालची बाजू फार मोलाची वाटते. खुर्चीत बसलेल्या माणसाला गुडघा सरळ करता येत नाही, म्हणून पायात काहीच उरले नाही असे घरचे धरून चालतात. त्याला कुशीवर वळवावे, वरचा पाय आपल्या हातांवर तोलून धरावा आणि पुन्हा सांगावे, ‘आता करा सरळ.’ पाय सरकतो! आता त्याला वजन उचलायचे नसते. ही झाली ग्रेड 2.

तेवढेही जमले नाही, तर मांडीच्या पुढच्या स्नायूवर, गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, बोटे अलगद टेकवायची आणि थांबायचे. सांधा हलत नाही, पण बोटांखाली एखादी बारीक हालचाल उमटते. ती ग्रेड 1. घाई करणारा इथेच शून्य लिहून मोकळा होतो. शिकाऊ हात दाबतो जास्त, त्यामुळे त्याला स्वतःच्याच बोटांचा ताण जाणवतो. कधी पेशंट जिद्दीने कंबर उचलतो आणि पाय हलल्याचा भास होतो, तेही ओळखावे लागते.

मज्जातंतूच्या दुखापतीत ही बारीक हालचाल सुधारणेच्या पहिल्या खुणांपैकी एक असते आणि पुढचा व्यायाम तिच्यावर ठरतो. म्हणून विद्यार्थ्यांनी केसपेपरवर शून्य लिहिण्याआधी पेशंटला विसावा द्यावा, दुसरी बाजू तपासून यावे आणि मग पुन्हा एकदा बोटे ठेवावीत. दुबळा स्नायू दोन-चार प्रयत्नांतच थकतो, तेव्हा शंका उरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत तपासावे.