जास्तीचा घास

तळोज्याजवळच्या एका गावात एक आजी राहत होती. घर जुनं, पुढे ओटी, मागे चार खोल्या. एमआयडीसी आली, शेती गेली, आणि त्या खोल्यांत लांबून आलेले कामगार भाड्याने राहू लागले.

दर सर्वपित्री अमावास्येला आजी पितरांचं पान वाढायची. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी, गवार. आजोबांना चहा लागायचा म्हणून कपभर चहाही. मुलगा पान पत्र्यावर ठेवून कावळ्यांना हाका मारायचा. मग आजी केळीच्या पानाचा एक लहान तुकडा घ्यायची. त्यावर गुळाचा खडा आणि मूठभर चणे ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला. हे सगळं मोठ्या पानापासून जरा लांब. घरच्यांना त्याची सवय झाली होती. कोणी कधी काही विचारलं नाही.

आजीची नात हुशार होती. तिला वर्षभर शिकायला मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात जायची संधी मिळाली. तिथे एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी ती राहिली.

ऑक्टोबर संपत आला तसा तिथला बाजार झेंडूने भरून गेला. झेंडू मूळचा तिकडचाच. बाईंनी घरात टेबल मांडलं. त्यावर नवऱ्याचा, आईवडिलांचा, भावाचा फोटो ठेवला. पाणी, मीठ, गोल पाव, नवऱ्याला आवडायची ती कॉफी. कोपाल नावाचा धूप लावला आणि दारापासून टेबलापर्यंत पाकळ्यांची वाट घातली. १ नोव्हेंबरला गेलेली लेकरं घरी येतात आणि २ नोव्हेंबरला मोठी माणसं, अशी तिथली श्रद्धा. वाटेने दमून येतात म्हणून आधी पाणी.

बाईंनी एकेका फोटोपुढे मेणबत्ती लावली. मग आणखी एक लावली, जरा बाजूला. तिच्यापुढे फोटो नव्हता.

"ही कोणाची?" मुलीने विचारलं.

"ज्यांची आठवण काढणारं कोणी उरलं नाही, त्यांची," बाई म्हणाल्या. "तेही आज याच रस्त्याने जातात. घराघरात उजेड दिसतो, पण त्यांना कोणी बोलवत नाही. एक दार त्यांच्यासाठी उघडं हवं."

मुलीला पत्र्यावरचा तो पानाचा तुकडा आठवला. तिने लगेच घरी फोन लावला.

"आजी, तो गूळ आणि चणे कोणासाठी गं?"

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझा बाप लहान होता तेव्हाची गोष्ट. मागच्या खोलीत एक पोरगा राहायचा. बिहारकडचा. कामावरून येताना गूळ-चणे आणायचा आणि आधी तुझ्या बापाच्या हातावर ठेवायचा, मग आपण खायचा. एका पावसाळ्यात तापाने गेला. गावाला कळवायचं तर पत्ता कोणाकडे नव्हता. कोणीच आलं नाही. तुझ्या आजोबांनी त्याला अग्नी दिला."

"नाव काय त्याचं?"

"सगळे छोटू म्हणायचे. खरं नाव कोनी विचारलंच नाय, बाय."

मुलीने हे सगळं बाईंना सांगितलं. बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. तिकडे उसाच्या रसाचा गूळ करतात, त्याला पिलोन्सिलो म्हणतात. त्याची छोटी ढेप आणि वाटीभर भाजलेले हरभरे त्यांनी त्या एकट्या मेणबत्तीपुढे ठेवले.

वर्ष संपलं, मुलगी घरी आली. मागच्या खोल्यांत नवे भाडेकरू होते. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन गेली. प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, घरच्यांचा फोन नंबर तिने लिहून घेतला. बसता बसता कोणाला किती मुलं, कोणाची आई आजारी, हेही कळलं. त्या सर्वपित्रीला आजीने दोन्ही पानं वाढली, आणि गूळ-चण्यांचं पान नातीने आपल्या हाताने ठेवलं.

मेक्सिकोतल्या या सणाला युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत नोंदवलं. आपल्याकडेही तर्पण करताना ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी पाणी सोडतात. दोन्हीकडच्या जुन्या माणसांना एकच गोष्ट उमगली होती: आठवण फक्त आपल्या रक्ताच्या माणसांपुरती ठेवायची नसते. पण गेलेल्याला घास ठेवायचा तर जिवंतपणी त्याची ओळख हवी. आपल्या इमारतीचा रखवालदार, समोरच्या खोलीतला कामगार, रोज दूध टाकणारा मुलगा यांचं पूर्ण नाव आणि गाव आजच विचारून घ्या.