'पार्क' म्हणजे काय?

आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलास भेटावयास प्रथमच मीरा रोडला गेले. मुलाने पत्ता कळविला होता तो बेव्हर्ली पार्क येथील. 'पार्क' म्हणजे बाग, एवढे इंग्रजी त्यांस ठाऊक होते. म्हणून स्टेशनावरून रिक्षाने जाताना झाडी कोठे लागते हे ते पाहत होते. रिक्षा थांबली ती उंच इमारतींच्या रांगेपुढे. भिंतीवर 'नो पार्किंग' अशी पाटी होती. फाटकाशी पहारेकऱ्याने त्यांस थांबविले, वहीत नाव, गाव व कोणाकडे जावयाचे ते लिहावयास सांगितले, आणि वरून फोनवर होकार येईपर्यंत त्यांस उन्हात उभे राहावे लागले. गावी परत आल्यावर त्यांनी आम्हांस विचारिले, "बाग दिसत नाही, त्या जागेचे नाव पार्क, गाडी उभी करू नका, तेही पार्क, आणि पार्कात शिरावयाचे तर आधी परवानगी. मग ह्या शब्दाचा खरा अर्थ तरी कोणता?"

आम्ही त्या वेळी हसलो. परंतु प्रश्न मनातून जाईना. शब्दाचा खरा अर्थ त्याच्या जन्मात शोधावा, की आज लोक त्याचा जो उपयोग करितात त्यात? हा प्रश्न पंडितांपुरता नाही. आपण आपल्या वस्त्यांस, घरांस व संस्थांस नावे देतो. त्या नावांस आपण कितपत बांधलेले आहो, हा नीतीचाही प्रश्न आहे. म्हणून ह्या एका शब्दाचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवितो.

'पार्क' ह्या शब्दाच्या मुळाशी कुंपण आहे. जुन्या जर्मानिक लोकांच्या बोलीत कुंपण घातलेल्या जागेस ह्याच धाटणीचा एक शब्द होता. तो फ्रेंच लोकांकडे गेला, व १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकिल्यानंतर फ्रेंच भाषेतून इंग्रजीत शिरला. त्या काळी पार्क म्हणजे राजाच्या परवानगीने कुंपण घालून हरणे राखलेले रान. आत शिकार करावयाची ती धन्याने. शेजारच्या गरिबाने तेथील हरीण मारिले तर त्यास शिक्षा होई. घोडे सोडण्याच्या आवारास इंग्रजीत 'पॅडॉक' म्हणतात, तो शब्द ह्याचाच भाऊ. पुढे सैन्याच्या तोफा व गाडे ज्या आवारात ओळीने उभे करीत त्यासही पार्क म्हणू लागले. त्यावरून गाडी उभी करणे ह्या अर्थी क्रियापद झाले, आणि मोटारी आल्यावर ते घरोघर पोहोचले. म्हणजे आमच्या वृद्ध मित्रांनी पाहिलेली 'नो पार्किंग'ची पाटी आणि त्यांच्या मनातील बाग ही दोन्ही एकाच कुंपणाची लेकरे होत.

पहिल्या अर्ध्या नावाचीही हीच कथा. बेव्हर्ली हे इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यातल्या एका जुन्या गावाचे नाव. ओढ्यास बांध घालून राहणारा बीव्हर नावाचा एक प्राणी आहे. त्याचा ओहोळ, असा त्या नावाचा अर्थ लावितात. ते नाव समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले, तेथे कॅलिफोर्नियातील श्रीमंतांच्या बेव्हर्ली हिल्समुळे जगभर माहीत झाले, आणि आता भाईंदरच्या मिठागरांच्या व खाडीच्या ह्या प्रदेशात एका वस्तीस मिळाले आहे. येथे बीव्हर कधी नव्हता व हरणांचे राजरानही नव्हते. तरी नाव खोटे ठरत नाही. तेथील रहिवासी ते उच्चारितात तेव्हा त्यांस आपले घरच आठवते. एवढ्यावरून पहिली गोष्ट स्पष्ट होते की, शब्द आपल्या जन्मास कायमचा जखडलेला नसतो.

परंतु जन्माची खूण त्याच्या अंगावरून अगदी पुसून जाते, असेही नाही. परवानगी, पहारा व फाटक ही त्या जुन्या पार्काची लक्षणे आमच्या मित्रांस ह्या नव्या पार्काच्या दारी भेटलीच की नाही?

कोणी म्हणेल, हा इंग्रजांचा शब्द. त्याच्या कुळाशी आम्हां मराठी माणसांस काय करावयाचे? तर आपल्याच शब्दांकडे पाहू. संस्कृतात 'वाट' ह्या शब्दाचा एक अर्थ कुंपण किंवा कुंपणाची जागा असा आहे. त्यापासून आपला वाडा झाला व वाडीही झाली. आंब्याची वाडी हीही वाडीच, आणि कोकणात दहा घरांची वस्ती हीही वाडीच. मेंढरे रात्री सुखरूप राहावी म्हणून घातलेला तो मेंढवाडा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरे अडकवून ठेवितात तो कोंडवाडा. दोहोंस भिंत आहे व दोहोंस दार आहे. मग अंतर कशात आहे? मेंढवाड्याचे दार आतल्या जिवाच्या हितासाठी लागते व सकाळी चरावयास सोडण्यासाठी उघडते. कोंडवाड्याचे दार दंड भरल्यावाचून उघडत नाही.

कुंपण घालणे हेच पाप, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा होईल. मीरा रोडच्या पूर्वेस ज्या डोंगररांगा दिसतात त्यांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मुंबईसारख्या नगराच्या अंगास लागून तेथे आजही बिबटे राहतात, ते त्या हद्दीस कोणी राखणदार आहे म्हणूनच. तथापि ह्याच हद्दीच्या आत वारल्यांचे व इतर आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हापासून कोण उपरा व कोण मूळचा हा वाद तेथे फार तीव्र झाला. रान राखावे हे खरे, आणि रानाबरोबर वाढलेल्या माणसास एका रेघेने परका ठरवू नये हेही खरे. कुंपणाचा न्याय त्याच्या द्वारापाशी होतो: ते कोणासाठी उघडते, कोणासाठी नाही, व कोणत्या कारणाने.

आता ज्या शब्दाचा अर्थ राजाचे राखीव रान असा होता, त्याचा अर्थ सर्व लोकांची बाग असा कसा झाला? तो आपोआप झाला नाही. लंडनजवळ रिचमंड पार्क म्हणून मोठे रान आहे. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली त्याभोवती सुमारे आठ मैलांची भिंत घातली. आसपासच्या लोकांचा आतून जाण्यायेण्याचा वहिवाटीचा हक्क मात्र राहिला. पुढे १७५१ साली दुसऱ्या जॉर्ज राजाची कन्या अमेलिया तेथील मुख्य अधिकारी झाली, आणि तिने सामान्यांस दार बंद केले. जॉन लुईस नावाचा एक मद्य बनविणारा त्या गावी होता. तो दारातून आत जाऊ लागला असता रखवालदारणीने त्यास अडविले. तेव्हा त्याने न्यायालयात दावा लाविला, आणि १७५८ साली राजकन्येच्या पक्षाविरुद्ध निकाल मिळविला.

ह्या कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. तुला दार पाहिजे की भिंतीवरून जाणारी शिडी पाहिजे, असे न्यायाधीशाने त्यास विचारिले असे सांगतात. दारास उद्या पुन्हा कडी लागेल, हे ओळखून त्याने शिडी मागितली. शिडी बसविली गेली. परंतु तिच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या दूरदूर ठेविल्या की म्हाताऱ्या बायांस व मुलांस चढता येईना. लुईस पुन्हा न्यायाधीशाकडे गेला, आणि पायऱ्या जवळजवळ बसवून घेतल्या. हक्क कागदावर मिळणे व तो म्हातारीच्या पायांस मिळणे, ह्या दोहोंत किती अंतर असते ते त्या शिडीने मोजून दाखविले.

ह्यानंतर १८४७ साली लिव्हरपूलच्या समोरच्या तीरावर बर्केनहेड येथे सार्वजनिक पैशाने केलेले उद्यान सर्वांस खुले झाले, आणि पार्क म्हणजे लोकांची बाग हा अर्थ रूढ होत गेला. आपल्याकडे दादरचे मैदान १९२५ साली मुंबई महापालिकेने लोकांसाठी खुले केले. त्याचे पहिले नाव माहीम पार्क. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झाले. त्या मैदानाभोवती कुंपण म्हणाल तर एक बुटका कट्टा आहे, आणि संध्याकाळी त्यावर म्हातारे, तरुण, विद्यार्थी, फेरीस निघालेल्या बाया सर्व बसलेली असतात. हद्द आहे, पण ती बसावयास उपयोगी पडते. ह्या कट्ट्याने 'पार्क' शब्दास जो अर्थ दिला आहे तो कोणत्याही कोशाने दिला नसेल.

१९२७ हे साल आम्हांस दुसऱ्या एका कारणाने आठवते. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर बोले ह्यांचा ठराव संमत झाला होता की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुले असावे. महाडच्या नगरपालिकेनेही पुढल्या वर्षी आपले चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. ठराव झाला, पण पाणी भरावयास कोणी धजले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर चालत गेले व पाणी प्याले, तेव्हा 'सार्वजनिक' ह्या शब्दाचा अर्थ प्रथम खरा होऊ लागला. त्यापायी त्यांस मारही खावा लागला, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल त्यांच्या बाजूने व्हावयास १९३७ साल उजाडले.

आता आमच्या मित्रांच्या प्रश्नास उत्तर देता येईल. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मात संपत नाही, व रंगविलेल्या पाटीतही तो राहत नाही. त्या शब्दाच्या दाराशी माणसे एकमेकांशी जशी वागतात, तसा तो घडत जातो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावे देण्याचे ठरविले. हे योग्यच झाले. जे नाव उच्चारिताच लेकराची मान खाली जाते, ते पत्त्यात राहू नये. परंतु समतानगराच्या लग्नाची वरात देवळापुढून जाऊ दिली जात नसेल, तर जुना वाडा नव्या पाटीखाली उभाच आहे असे समजावे. नाव बदलणे ही शिडी होय. तिच्या पायऱ्या जवळ बसविणे हे काम मागे राहते.

हे सर्व शहरांतील सोसायट्यांस व सरकारास उद्देशून लिहून आम्ही स्वस्थ बसलो, तर ते बरे होणार नाही. आपण सर्व ज्यास 'कंपाउंड' म्हणतो, त्या मिशनच्या आवारांचे काय? हा शब्द मलायातील 'कंपोंग', म्हणजे कुंपणाची वस्ती, ह्यापासून आला असावा असे जाणते लोक म्हणतात. आपले मुखातले शब्दही पाहा. इंग्रजीतील 'पॅरडाइस', ज्यास आपल्या शास्त्राच्या मराठी भाषांतरात 'सुखलोक' म्हटले आहे, तो मूळचा प्राचीन इराणी शब्द. भोवती भिंत असलेली जागा, एवढाच त्याचा आरंभीचा अर्थ. ग्रीकांनी तो इराणी राजांच्या बागांसाठी घेतला. नहेम्याने राजाच्या ज्या रानाच्या रखवालदारास पत्र मागितले, त्या रानासही मूळ इब्री लेखात ह्याच कुळातला शब्द आहे. अशा राजाच्या भिंतीआडच्या बागेचे नाव घेऊन प्रभूने ते वधस्तंभावर एका चोरास दिले. त्या चोराचे नाव कोणत्याही फाटकावरील वहीत लिहून घेतले गेले नसते.

ज्यांस तो सुखलोक फुकट मिळाला, त्यांच्या आवाराचे फाटक कसे असावे? आपल्या गावच्या प्रार्थनामंदिरात दुसऱ्या वाड्यातला मनुष्य आला, तर त्यास सतरंजीच्या कोणत्या टोकास बसावयास जागा मिळते? एका जातीतून आलेली मंडळी पुढे व दुसरीतून आलेली मागे, असे आजही कोठे होते की नाही? आमच्या स्वतःच्या मंदिरात हे बरीच वर्षे होत होते, आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहून गप्प राहिलो, हे लाजेने लिहितो.

आमचे वृद्ध मित्र पुन्हा मीरा रोडला जाणार आहेत. मुलाने कळविले आहे की, ह्या खेपेस पहारेकऱ्याच्या चौकीशेजारी सावलीत एक बाक ठेवविला आहे. ज्यास थांबावयाचे त्याने बसून थांबावे. वही आहे तशीच आहे. बाक ही लहान गोष्ट. तरी तेवढ्याने त्या ठिकाणी 'पार्क' शब्दाचा अर्थ तसूभर सरकला आहे, असे आम्ही समजतो. वाचकांनी येत्या रविवारी आपल्या मंदिराच्या फाटकाशी क्षणभर उभे राहून तेथील पायऱ्या किती दूरदूर आहेत हे पाहावे, आणि एखाद्या म्हातारीस चढता येत नसेल तर त्याच आठवड्यात त्या जवळ बसवाव्या.