पंक्तीतील परका

शास्त्रपाठ : अनुवाद १६:१३-१५, मत्तय २५:३१-४०, रोमकरांस पत्र १६:२३



नाताळाचा आठवडा म्हणजे आपल्याकडे माणसांनी घरी परतण्याचा आठवडा. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी नोकरीनिमित्त विखुरलेली आपली कुटुंबे या दिवसांत नगरची, मिरजेची, जालन्याची वाट धरतात. आईबापांच्या घरात अंथरुणे कमी पडतात, करंज्यांचे डबे भरतात आणि रिकामे होतात, आणि उपासनेच्या वेळी एकाच घरच्या माणसांनी दोन बाके भरून जातात. परंतु आता पुष्कळ घरांत ही वाट उलटी झाली आहे. वडीलधारी माणसे परदेशी स्थायिक झाली आहेत आणि पाहुणे होऊन जावयाचे ते आपण. अशाच एका आठवड्याविषयी मला आज आपल्याशी बोलावयाचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल. किंबहुना ती चूक हेच या लेखाचे निमित्त आहे.

आम्हा सहा भावंडांत ताई थोरली आणि मी शेंडेफळ. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून ताई १९७३ साली इंग्लंडला गेली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. लेस्टर शहरात तिने अडतीस वर्षे रुग्णसेवा केली. भावजी तेथील होजिअरीच्या कारखान्यात होते. २०११ साली ताई निवृत्त झाली. गावी परतावयाचे म्हणून नगरजवळ घेतलेली जागा अजून तशीच पडून आहे. मुलगी तिकडे, नातवंडे तिकडे, भावजींची औषधे तिकडे. गावची माणसे तिला 'लंडनची ताई' म्हणतात, आणि लेस्टरमध्ये पन्नास वर्षांनंतरही नवा भेटलेला माणूस तिला विचारतो, "आपण मूळच्या कुठल्या?" या प्रश्नाची तिला सवय झाली आहे. राग येतो असे ती म्हणत नाही. येत नाही असेही म्हणत नाही.

२०२३ च्या नाताळात आम्ही पाच जण तिच्याकडे गेलो : मी, माझी पत्नी, आमची दोन मुले आणि पुण्याची मधली बहीण अक्का. अक्काचे यजमान दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले, आणि तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडली नव्हती. ताईची मुलगीही मुलांना घेऊन आली होती. चोवीस डिसेंबरच्या रविवारपासून एकतीस तारखेच्या रविवारपर्यंत त्या लहानशा घरात आम्ही दहा माणसे होतो.

ताईच्या पाहुणचाराचे काय वर्णन करावे! नोव्हेंबरपासून तिची तयारी चालली होती. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रस्त्यावर गुजराती बांधवांची दुकाने आहेत. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले अनेक जण या शहरात येऊन राहिले. तेथून तिने बाजरीचे पीठ आणून ठेवले होते. भावजींनी बैठकीच्या खोलीतले सामान हलवून गाद्या घातल्या होत्या. कोणाला कोणते औषध किती वाजता द्यावयाचे याची यादी तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली होती. निवृत्त झाली तरी परिचारिकाच ती! दुपारी चारच्या सुमारास बाहेर अंधार पडे, आणि आत भाकरीचा वास सुटे.

पंचवीस तारखेला जेवणाची मांडामांड करताना ताईने मला आणखी एक खुर्ची आणावयास सांगितली. शेजारचे वृद्ध गृहस्थ जेवावयास येणार होते. त्यांची पत्नी त्याच वर्षी उन्हाळ्यात वारली होती. एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात. मी म्हणालो, "ताई, किती वर्षांनी आपण एकत्र आलो आहोत! आजचा दिवस तरी आपल्या माणसांचा असू दे ना." ताईने माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "खुर्ची आण."

ते आले. बिस्किटांचा डबा घेऊन, कोट घालून, केस नीट विंचरून आले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे क्रॅकर ओढून फोडले. त्यातून निघालेला कागदी मुकुट त्यांनी डोक्यावर घातला. त्यानंतर आम्ही मराठीत प्रार्थना केली आणि जेवावयास बसलो. आणि मग, वाचकहो, काय झाले असेल ते आपण ओळखालच. गावच्या गोष्टी निघाल्या. बाबांची सायकल, आईची माया, पावसात गळणारे शाळेचे छप्पर. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने दुरुस्ती करावी. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. जेवणानंतर ताटावर ठेका धरून भजने म्हटली. ते गृहस्थ हसतमुखाने बसून होते. मध्येच भावजी किंवा ताई त्यांना एखादे वाक्य सांगत, पण तोवर गोष्ट पुढे गेलेली असे. तीनच्या सुमारास त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. चारनंतर ते उठले, आभार मानले आणि गेले. कागदी मुकुट नीट घडी करून त्यांनी ताटाजवळ ठेवला होता.

रात्री ताई भांडी धूत होती आणि मी पुसत होतो. ती म्हणाली, "तीन वाजता दूरदर्शन संचावर राजाचे नाताळचे भाषण असते. राणीच्या वेळेपासून ती दोघे ते एकत्र ऐकत. माझ्या ध्यानातच राहिले नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी इथे आले त्या वर्षी नाताळला एका सहकारी मुलीने मला तिच्या घरी नेले होते. चांगली माणसे होती. भरपूर वाढले. पण सगळी आपसात भराभर बोलत होती, मला त्यांचे बोलणे उमजेना. घरात घेतले होते, पण बोलण्यात घेतले नव्हते. वसतिगृहात परत येऊन मी रडले."

प्रिय वाचकहो, ताईने मला दोष दिला नाही. परंतु ते वाक्य माझ्या काळजात रुतले. मी अनुवादक आहे. पवित्र शास्त्रातील वचने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणणे हे माझे आयुष्याचे काम. त्या मेजावर अक्का आणि ते गृहस्थ समोरासमोर बसले होते. दोघांचे दुःख एक होते. अक्काला इंग्रजी बेताचेच येते, त्यांना मराठी येत नाही. त्या दोघांत अडलेले होते ते एवढेच, की कोणीतरी मध्ये बसून या तीरावरचे बोलणे त्या तीरावर न्यावे. आणि ज्याचे हे काम, तो मी मटण वाढून घेत होतो.

त्या रात्री मी अनुवादाच्या पुस्तकातील सोळावा अध्याय काढला. मांडवांच्या सणाचा तो विधी. खळ्यातून धान्य आणि कुंडातून द्राक्षारस घरी आला की सात दिवस सण पाळावयाचा. अगदी आपल्या नाताळाच्या आठवड्यासारखा! आणि त्या सणात कोणी असावे याची यादी मोशेने दिली आहे. आरंभी घरचे : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी. आणि त्याच दमात, त्याच वाक्यात, लेवी, उपरी, अनाथ, विधवा. लेवीला वतन नाही, उपऱ्याला गाव नाही, अनाथाला बाप नाही, विधवेला धनी नाही. ज्यांचे कोणी नाही ते चौघे घरच्या पाचांना जोडून बसवले आहेत. मधे रेघ नाही.

येथे क्रियापदाकडे आपण लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. त्यांना जेवू घाला एवढ्यावर हा विधी थांबत नाही. या सर्वांनी मिळून आनंद करावा अशी आज्ञा आहे. अन्न दिले की कर्तव्य संपले असे आपल्याला वाटते, कारण अन्न देणे सोपे आहे. आनंदात सामील करून घेणे कठीण. त्यासाठी आपली गोष्ट थांबवावी लागते, मागे वळून सांगावी लागते, दुसऱ्याची ऐकावी लागते.

आणखी एक शब्द पाहू. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल आपल्या यजमानाचा, गायसाचा, सलाम कळवतो. तेथे 'यजमान' यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'क्सेनॉस'. आणि हाच शब्द 'परका' या अर्थानेही येतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात आपले पूर्वज पृथ्वीवर परके होते असे सांगताना हाच शब्द वापरला आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा स्वतःविषयी बोलतो, तेव्हाही तो स्वतःला हाच शब्द लावतो. मराठीत आम्हा अनुवादकांना एके ठिकाणी 'यजमान' आणि दुसऱ्या ठिकाणी 'परका' लिहिणे भाग पडते; त्यामुळे वाचकाला ही गाठ दिसत नाही. ग्रीक वाचकाच्या कानाला मात्र वाढणारा आणि वाढून घेणारा एकाच नावाचे होते. ताईकडे पाहताना मला हा शब्द प्रथमच समजला. पन्नास वर्षे जी परकी राहिली, तिलाच खुर्ची आणावयाचे सुचले. आम्ही, ज्यांना आपण परके आहो याचा एका आठवड्यापुरता विसर पडला होता, आम्ही मात्र त्या गृहस्थांना त्यांच्याच देशात परके केले.

सव्वीस तारखेला सकाळी भावजींबरोबर फिरावयास निघालो असता हार्वे लेनचा विषय निघाला. विल्यम केरी १७८९ पासून १७९३ पर्यंत लेस्टरमध्ये हार्वे लेनच्या मंडळीचे पाळक होते. तेथूनच ते हिंदुस्थानात आले, आणि १८३४ साली बंगालमधील सेरामपूर येथे निवर्तले. स्वदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, १८१० साली कोश, आणि १८११ साली सेरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. ती मराठी आज आपल्याला अडखळत चालणारी वाटते. परंतु ज्याला कोणी बोलावले नव्हते असा एक परका मनुष्य मराठी पंडितांजवळ बसून आपली भाषा शिकला आणि त्याने आपल्या लोकांना देवाच्या बोलण्यात घेतले. त्याच शहरात, त्याच कामाचा वारसा सांगणारा मी, एका मेजाच्या दोन बाजू जोडू शकलो नव्हतो.

एकोणतीस तारखेला ताईने त्या गृहस्थांना पुन्हा बोलावले. सर्दी झाली आहे, असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन त्यांचे दार वाजवले. त्या दिवशी आम्ही आपसातच बोलत राहिलो, ती चूक माझी, असे सांगितले. ते म्हणाले, तसे काही नाही. पण दार त्यांनी लगेच लावून घेतले नाही.

एकतीस तारखेला संध्याकाळी आमची कौटुंबिक उपकारस्तुती होती. ते अर्धा तास आले. मी त्यांच्या आणि अक्काच्या मध्ये बसलो. प्रार्थनेचे एकेक वाक्य सांगत गेलो. नंतर अक्काने विचारले, "यांच्या मालकीणबाईंना जाऊन किती महिने झाले, विचार." मी विचारले. त्यांनी महिने सांगितले नाहीत, दिवस सांगितले. अक्काने मान हलवली; तीही अजून दिवसच मोजते. मग ते पत्नीविषयी बोलू लागले, आणि मी सांगत गेलो. शेवटी शेवटी मला काही सांगावे लागले नाही. अक्काने त्यांचा हात हातात घेतला होता.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी थोडेच जण लेस्टरला जातील. परंतु हे मेज आपल्या प्रत्येक घरात आहे. आपल्या शहरातील रुग्णालयात झारखंडच्या, केरळच्या मुली सेवा करतात. नाताळाला त्यांना सुटी मिळतेच असे नाही. मिझोरमचे, नागालँडचे विद्यार्थी वसतिगृहात राहतात, आपल्याच मंडळीच्या मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादानंतर मुकाट्याने निघून जातात. आणि याहून जवळचे सांगू? आपल्या घरात अन्य भाषेतून आलेली सून असेल. आपण मराठीत हसतो, आणि ती ताटे वाढते. तिला आपण घरात घेतले आहे. बोलण्यात घेतले आहे काय?

नाताळ म्हणजे तरी काय? योहानाच्या पहिल्या अध्यायात शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वसती केली असे सांगितले आहे, तेथील ग्रीक क्रियापद तंबूवरून, मांडवावरून आलेले आहे. देवाच्या पुत्राने आपल्या वस्तीत मांडव घातला. तो स्वकीयांकडे आला आणि स्वकीयांनी त्याला घेतले नाही. पुढे अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी त्याला यरुशलेमेतील परका मनुष्य समजून घरी नेले, आणि मेजावर बसल्यावर त्या परक्यानेच भाकर मोडून त्यांना दिली. पाहुणा यजमान झाला, आणि तेव्हा त्यांचे डोळे उघडले. ज्या पंक्तीत परक्याला जागा नाही, त्या पंक्तीत प्रभूला बसावयास आपण कोणती खुर्ची देणार?

निघताना मी ताईला विचारले, "परत येणार का गं गावी?" ती म्हणाली, "तिकडे मी पाहुणी, इकडेही पाहुणी. दोन्हीकडे कोणी आले तर वाढते." तिच्या उत्तरात मला इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय ऐकू आला. जे उत्तम देशाची वाट पाहतात, त्यांनी येथे मांडवात राहावे, आणि मांडवाला दार लावू नये.

प्रार्थना : हे प्रभो, तू परका होऊन आमच्याकडे आलास. आमच्या सणाच्या आठवड्यात आम्ही आपल्याच माणसांत इतके रमू नये की शेजारी बसलेला एकटा पडेल. आमच्या जिभेला दुसऱ्यासाठी थांबावयास शिकव. जे दूरदेशी म्हातारे होत आहेत त्या आमच्या वडीलधाऱ्यांना सांभाळ, आणि जे दिवस मोजत आहेत त्यांच्याजवळ बस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.