व्यसन कोणाच्या हाताने सुटते?

गळ्यात माळ पडली की माणूस दारूला शिवत नाही. निश्चयाचेच हे बळ म्हणावे, तर निश्चय करून मोडणारे घरोघरी आहेत. ज्यांच्या संगतीने पंढरीची वाट चालायची त्यांच्यासमोर माळ घेतलेली असते, म्हणून ती टिकते.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी वाळवंटात युएन्डुमू हे वार्लपिरी आदिवासींचे गाव आहे. तिथली पोरं पेट्रोल हुंगून नशा करू लागली. तेव्हा १९९४ साली गावच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना माउंट थिओ या दूरच्या, पूर्वजांच्या भूमीत नेऊन ठेवले. तिथे पेट्रोल हाती लागेना; शिकार करावी, आपल्याच बोलीत थोरांच्या कथा ऐकाव्या. इकडे गावात खेळ सुरू केले, परतलेला पोरगा रिकामा बसू नये म्हणून. काही वर्षांत गावातले हुंगणे थांबले.

कोणी म्हणेल, मग दवाखाना, पोलीस, सरकारचा पैसा नको काय? हवाच की! पण वीणा गावच्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यात असावी, इतरांनी टाळ धरावा. याच आदिवासींची लेकरे सरकारने ‘त्यांच्या भल्यासाठी’ म्हणून कित्येक दशके आईबापांपासून तोडली. त्याची क्षमा २००८ साली मागावी लागली. ज्याचे भले करायचे त्याला विचारलेच नाही, तर त्या भल्याचा घाव होतो.

आपल्या गावचा दारुडाही कोणाचा तरी लेक आहे. त्याला नुसता उपदेश केला, की दिंडीत आपल्या शेजारी जागा दिली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. रामकृष्ण हरि!